मधाच्या बाटलीवर काय लिहायचं? लेबलच्या नियमांत अडकलेल्या छोट्या मधपाळांची गोष्ट

महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर गाडी थांबवली की स्ट्रॉबेरी आणि मक्याच्या कणसांच्या शेजारी मधाच्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. काही बाटल्या नव्या, काही आधी दुसऱ्याच कशासाठी वापरलेल्या. चिकटवलेल्या कागदावर बहुतेकदा एकच ओळ असते: '१००% शुद्ध नैसर्गिक मध'. खाली एखादा मोबाईल नंबर. कधी तोही नसतो.

गंमत अशी की या ओळीतला 'मध' हा एकच शब्द बिनधोक आहे. 'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' हे शब्द खाद्यपदार्थांवर कधी वापरायचे याचे नियम २०१८ पासून ठरलेले आहेत. '१००%' हा शब्दप्रयोग टाळा, असं भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मे २०२५ मध्ये खाद्य व्यावसायिकांना सांगितलं आहे. आणि कायद्याने जे लिहायलाच हवं ते या कागदावर बहुतेक वेळा नसतंच.

आता दुसरी बाजू बघा. सुपरमार्केटच्या फळीवरच्या ब्रँडेड मधाच्या बाटलीवर सगळं जागच्या जागी असतं. परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत, ग्राहक सेवेचा ईमेल. लेबलमध्ये खोट काढायला जागा नाही. पण २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे २२ नमुने तपासले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत त्यातले फक्त ५ उत्तीर्ण झाले होते. कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले. ते वादळ शमलं, पण एक प्रश्न मागे राहिला. लेबल अचूक असणं आणि मध अस्सल असणं या दोन वेगळ्या गोष्टी असतील, तर लेबलच्या नियमांचा भार नेमका कोणावर पडतो?

एक बाटली, दोन कायदे

मध विकणाऱ्याला मुख्यतः दोन कायद्यांना तोंड द्यावं लागतं, आणि दोन्हींची कार्यालयं वेगळी आहेत. गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

पहिला, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६. मध खाण्यायोग्य आहे का, त्यात भेसळ आहे का, लेबलवरचे दावे खरे आहेत का, हे या कायद्याखाली येतं. नियम एफएसएसएआय बनवतं आणि महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. दुसरा, वैध मापन कायदा, २००९, आणि त्याखालचे २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम. वजन बरोबर आहे का, किंमत छापली आहे का, तक्रार कोणाकडे करायची, हे त्यात येतं. हे काम वैध मापन शास्त्र यंत्रणा बघते. जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं 'वजनमापं खातं' ते हेच.

एफएसएसएआयची नोंदणी काढली की सगळं झालं, असं अनेक मधपाळांना वाटतं. पण बाटलीत भरून, वजन ठरवून, सील करून माल विकणाऱ्याला 'पॅकर' म्हणून वैध मापन विभागाकडेही नोंद करावी लागते. तिचं शुल्क ५०० रुपये आहे. रक्कम मोठी नाही. पण अशी काही नोंदणी असते हेच अनेकांच्या गावी नसतं.

एफएसएसएआयच्या नोंदणीचंही तसंच. २०११ च्या नियमावलीत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना 'छोटे उत्पादक' मानून, परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय ठेवली गेली. शुल्क वर्षाला १०० रुपये. समजा, एखाद्या मधपाळाकडे सातेरी माशांच्या २० पेट्या आहेत. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण ५ ते १० किलो मध मिळतो. सरासरी ८ किलो धरला तर १६० किलो. किलोला ७०० रुपये मिळाले तरी वर्षाची उलाढाल १ लाख १२ हजार होते. बारा लाखांची रेघ त्याच्यापासून कोसभर दूर आहे. थोडक्यात, सह्याद्रीतले बहुसंख्य मधपाळ या छोट्या उत्पादकांच्या गटातच बसतात.

पण शेतकऱ्याला कायदा लागू नाही ना?

हा मुद्दा वारंवार काढला जातो आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामं आणि शेतकऱ्याने शेताच्या पातळीवर पिकवलेला माल यांना हा कायदा लागू होत नाही. 'प्राथमिक अन्ना'च्या व्याख्येतही शेतकऱ्याच्या हातातला, मूळ स्वरूपातला माल वगळला आहे.

मग मधपाळ शेतकरी आहे का? व्याख्येत शेती, फलोत्पादन, पशुपालन, दुग्धव्यवसाय आणि मत्स्यशेती यांची नावं आहेत. मधमाशीपालनाचं नाव नाही. ते पशुपालनात मोडतं असं म्हणता येईल, आणि म्हणणारे म्हणतातही. पण हा वाद जिंकला तरी सूट मिळते ती पेटीतून काढलेल्या आणि डब्यात साठवलेल्या मधापुरती. तो गाळून, बाटलीत भरून, झाकण लावून, नाव देऊन विक्रीला ठेवला की तो शेतातला माल उरत नाही. कायद्याच्या नजरेत तो 'आवेष्टित खाद्यपदार्थ' होतो आणि लेबलचे नियम चालू होतात.

गिऱ्हाईक घरून बरणी घेऊन आलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत मध मोजून दिला, तर ती सुटी विक्री. तिथे लेबलचा प्रश्न येत नाही. गावात वर्षानुवर्षं मध असाच विकला जात होता. म्हणून मधपाळाला प्रश्न पडतो की तोच मध, तीच माणसं, मग बाटली बदलली म्हणून इतकं काय बदललं? बदललं ते गिऱ्हाईक. बरणी घेऊन येणारा मधपाळाला ओळखत होता. पुण्या-मुंबईला बाटली नेणारा ओळखत नाही. लेबलचा सगळा कायदा या अनोळखी माणसासाठी आहे.

जीएसटीतही हीच रेघ आहे. १८ जुलै २०२२ पासून सुट्या नैसर्गिक मधावर कर नाही, 'आवेष्टित आणि लेबल लावलेल्या' मधावर ५ टक्के आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यामुळे वर हिशेब केलेल्या २० पेट्यांच्या मालकाला या कराची चिंता नाही. पण त्याचा मध विकत घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरणाऱ्या कंपनीला आहे.

बाटलीवर नेमकं काय हवं?

लेबलचे सध्याचे नियम २०२० मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली जात अखेर १ जुलै २०२२ पासून झाली. पाचशे ग्रॅमच्या बाटलीवर या नियमांनुसार आणि वैध मापनाच्या नियमांनुसार मिळून काय काय लागतं ते बघू.

पदार्थाचं नाव, म्हणजे 'मध'. तयार करणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. निव्वळ वजन. बॅच किंवा लॉट नंबर. भरल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. दर ग्रॅमला किती पैसे पडतात तो आकडा. तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. आणि शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका.

हिरव्या ठिपक्यावर अनेकजण अडखळतात. मध माशीपासून येतो, मग तो शाकाहारी कसा? उत्तर व्याख्येत आहे. मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून दूध, दुग्धजन्य पदार्थ, मध आणि मेण यांना नाव घेऊन वगळलेलं आहे. म्हणून हिरवा ठिपका. मात्र २०२२ च्या व्हीगन अन्नाच्या नियमांत मधाला जागा नाही. त्यामुळे मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका चालतो, व्हीगनचं चिन्ह चालत नाही.

वजनाची चूक जास्त महागात पडू शकते. मध पाण्यापेक्षा जड असतो. पाण्याची ५०० मिलीची बाटली मधाने भरली तर तिच्यात जवळपास ७०० ग्रॅम मध बसतो. बाटलीच्या मापावर जाऊन 'अर्धा लिटर' किंवा 'अर्धा किलो' लिहिणारा एक तर नियम मोडतो किंवा स्वतःचंच नुकसान करून घेतो. मध वजनावर विकायचा आणि लेबलवर ग्रॅम किंवा किलो लिहायचे.

मुदतीचंही असंच. मध कधी खराब होत नाही, असं घरोघरी सांगितलं जातं. नीट पिकलेल्या, झाकण घट्ट असलेल्या मधाबाबत त्यात बरंच तथ्य आहे. पण लेबलवर मुदत टाकावीच लागते. मग पुढच्या हिवाळ्यात बाटलीच्या तळाशी साखरेसारखे कण जमतात आणि गिऱ्हाईक बाटली परत घेऊन येतं. मध गोठणं, त्याला कण धरणं ही नैसर्गिक प्रक्रिया आहे. मधातलं ग्लुकोज थंडीत स्फटिकरूप घेतं. कोमट पाण्यात बाटली ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. हे एक वाक्य लेबलवर लिहिण्याची सक्ती नाही, पण मधपाळाच्या सगळ्यात जास्त उपयोगाचं वाक्य बहुधा तेच आहे.

आता भाषा. लेबलवरचा बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा, असं दोन्ही कायद्यांखालचे नियम सांगतात. त्याशिवाय इतर भाषा वापरायला हरकत नाही. याचा सरळ अर्थ असा की महाबळेश्वर तालुक्यातल्या मधपाळाने, महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकासाठी, फक्त मराठीत छापलेलं लेबल नियमाच्या अक्षराला धरून अपुरं ठरतं. लिपी तीच, 'मध' हा शब्द वाचणाऱ्याला कळणारा, पत्ताही तोच. तरीही. केवळ एवढ्यावरून कोणावर कारवाई होईल असं नाही. पण नियम ज्याच्यासाठी आहे तो ग्राहक ज्या भाषेत वाचतो, ती भाषा नियमात ऐच्छिक आहे. मराठीच्या आग्रहावर राज्यात इतकी भाषणं होतात, त्यात या कलमाचा उल्लेख सहसा सापडत नाही.

'जांभूळ मध' म्हणजे किती जांभूळ?

मधपाळाला चार पैसे जास्त मिळवून देणारी गोष्ट म्हणजे फुलोरा. जांभळाचा मध, हिरड्याचा मध, सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा मध. शहरातलं गिऱ्हाईक यासाठी जास्त मोजायला तयार असतं.

पण लेबलवर एखाद्या फुलाचं नाव टाकायचं असेल, तर मधातल्या एकूण परागकणांपैकी किमान ४५ टक्के त्या वनस्पतीचे असावे लागतात. नसतील तर तो 'बहुपुष्पीय' मध. पेटी जांभळीखाली ठेवली होती आणि चैत्रात मध काढला, एवढा पुरावा पुरत नाही. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागतात. पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. म्हणजे या विषयातलं ज्ञान राज्यात नाही असं नाही. पण १० किलो कारवीच्या मधासाठी नमुना घेऊन प्रयोगशाळा गाठायची, अहवालाची वाट बघायची, मग लेबल छापायचं, हे गणित एकट्या मधपाळाला झेपणारं नाही. परिणामी दोनच वाटा उरतात. नाव न टाकता स्वस्तात विकायचं, किंवा नाव टाकून धोका पत्करायचा.

दाव्यांच्या बाबतीत मात्र मधपाळांची बाजू घेणं कठीण आहे. 'मधुमेहींसाठी उत्तम', 'हृदयविकारावर गुणकारी', 'वजन हमखास घटवा' असली वाक्यं सर्रास दिसतात. खाद्यपदार्थ रोग बरा करतो असा दावा करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कायद्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मधात साखरच असते, ती मधुमेहींसाठी मोकळी कशी असेल, हा साधा प्रश्न लेबल छापणाऱ्याला पडत नाही. आणि जी सूचना खरोखर छापण्यासारखी आहे, ती क्वचितच दिसते. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मधात असू शकणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. नवजात बाळाला मध चाटवण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे, म्हणून हे अधिकच महत्त्वाचं.

'शुद्ध' आणि 'नैसर्गिक' या शब्दांना सरसकट बंदी नाही, हेही सांगायला हवं. एकाच घटकाचा, काहीही न मिसळलेला पदार्थ असेल तर ठरावीक अटींवर ते वापरता येतात. खरा मध त्या अटींत बसू शकतो. 'सेंद्रिय' हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने जातो. त्यासाठी प्रमाणपत्राची व्यवस्था आहे. मूळ उत्पादकाने थेट ग्राहकाला केलेल्या विक्रीला २०१७ च्या नियमांत सूट दिली होती, पण दुकानात ठेवायचं असेल तर प्रमाणपत्र हवंच. माशी तीन किलोमीटर उडून कोणाच्या शेतातून मकरंद आणते हे मधपाळाच्या हातात नसताना 'सेंद्रिय' लिहिण्याची घाई न केलेली बरी.

खरा पेच: वीस टक्के

आतापर्यंतच्या अडचणी कागद, छपाई आणि माहितीच्या होत्या. त्या सुटू शकतात. पुढची अडचण निसर्गाची आहे.

मधात पाणी किती असावं याला मर्यादा आहे. जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ती २५ टक्के होती. एफएसएसएआयच्या २०११ च्या नियमांतही २५ टक्केच राहिली. २०१८ मध्ये मधाचं मानक नव्याने आलं आणि ही मर्यादा २० टक्क्यांवर आली.

२० हा आकडा हवेतून आलेला नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही २० टक्केच आहे. पाणी जास्त असलं की मधातलं यीस्ट जागं होतं, मध आंबतो, बाटलीत फेस येतो. ग्राहकाच्या दृष्टीने मर्यादा योग्यच आहे.

पण हा आकडा कोणत्या माशीला सोपा जातो ते बघा. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातल्या मोहरीच्या शेतांत पाळली जाते ती इटालियन मेलिफेरा माशी. कोरड्या हवेत तिचा मध २० टक्क्यांच्या आत आणणं तुलनेने सोपं. सह्याद्रीत पाळली जाते सातेरी, आणि जंगलातून मध येतो तो आग्या माशीचा. या दोन्ही माशांच्या मधात ओलावा मुळातच जास्त असतो. त्यात दमट हवा. २२-२४ टक्के ओलावा इथे नवलाचा नाही. २०१८ च्या आधी हाच मध नियमात बसत होता. माशी बदलली नाही, फुलं बदलली नाहीत, मधपाळाची पद्धतही बदलली नाही. आकडा बदलला आणि मध 'कमी दर्जाचा' झाला. कायद्यात कमी दर्जाच्या अन्नासाठी कमाल दंड ५ लाखांचा आहे. चुकीच्या लेबलसाठी तो ३ लाखांचा आहे, म्हणजे ओलाव्याची चूक लेबलच्या चुकीपेक्षा मोठी.

कोडेक्सने युरोपातल्या हेदर नावाच्या झुडपाच्या मधाला २३ टक्क्यांची सवलत दिली आहे, कारण तो मध स्वभावतःच पाणीदार असतो. म्हणजे वनस्पती आणि प्रदेश बघून मर्यादा ठरवता येते, हे तत्त्व मान्य आहे. सातेरीसाठी असा विचार भारतीय मानकात झालेला नाही.

मग ओलावा कमी करायचा कसा? मध तापवून. मोठ्या प्रक्रिया केंद्रात निर्वात यंत्रात कमी तापमानाला पाणी काढता येतं. घरच्या घरी पातेल्यात तापवला तर दुसरा आकडा आडवा येतो. मध तापला किंवा फार काळ राहिला की त्यात एचएमएफ नावाचं रसायन वाढतं, आणि त्याची मर्यादा किलोला ८० मिलिग्रॅम आहे. कमी तापवला तर पाणी जास्त, जास्त तापवला तर एचएमएफ जास्त. शिवाय ज्या कच्च्या मधासाठी गिऱ्हाईक घाटावर येतं, त्याचा वास आणि चव तापवल्यावर तशी राहत नाही.

काही गोष्टी पेटीपाशीच करता येतात. माशांनी पोळ्याच्या कप्प्यांवर मेणाची टोपणं लावली की मध पिकला असं समजतात. घाईने कच्चा मध काढण्यापेक्षा चौकटीचा बराचसा भाग असा बंद होईपर्यंत थांबलं तर ओलावा उतरतो. ओलावा मोजणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर काही हजार रुपयांत मिळतो, गावात एक असला तरी पुरतो. पण वळवाचा पाऊस दारात असताना, अस्वल किंवा चोर पेट्यांवर नजर ठेवून असताना, 'अजून आठ दिवस थांबा' हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड आहे.

नियम कडक झाले ते कोणामुळे?

मानक कडक होण्यामागे छोटा मधपाळ नव्हता. तांदूळ, मका, ऊस यांपासून बनवलेले साखरेचे पाक मधात मिसळले जात होते, आणि ते जुन्या चाचण्यांना चकवत होते. २०२० मध्ये लागू झालेल्या सुधारित मानकात ते पकडण्यासाठी नव्या चाचण्या आल्या. अमेरिकेत निर्यात होणाऱ्या मधासाठी तर १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर ही अधिक प्रगत चाचणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या मधाला मात्र ती सक्ती नाही.

ही डोकेदुखी फक्त भारताची नाही. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी ४६ टक्के संशयास्पद निघाले. त्यावर युरोपने जो उपाय काढला तो लेबलचाच आहे. २०२४ च्या निर्देशानुसार मिश्र मधाच्या बाटलीवर तो कोणकोणत्या देशांतला आहे हे टक्केवारीसह छापायचं. अंमलबजावणीची तारीख १४ जून २०२६.

भारतात देशी मधाच्या लेबलवर भरणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. मध कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या राज्यातला, किती ठिकाणचा मिसळलेला, हे सांगावं लागत नाही. म्हणून मोठ्या कंपनीच्या बाटलीवर कारखान्याच्या औद्योगिक वसाहतीचा पत्ता असतो आणि मध चार राज्यांतला असू शकतो. छोट्या मधपाळाच्या बाटलीवर मात्र त्याच्या गावाचा पत्ता असतो, आणि मधही तिथलाच असतो. लेबलवरची ही एकच ओळ त्याला मोठ्या ब्रँडपेक्षा वरचढ ठरवते. नियमांत तिला काहीच वजन नाही.

एकट्याने की मिळून?

केंद्र सरकारने ५०० कोटींचं राष्ट्रीय मधमाशीपालन आणि मध अभियान आणलं. एप्रिल २०२१ मध्ये 'मधुक्रांती' पोर्टल सुरू झालं. मधपाळांची नोंद करून मधाचा माग पेटीपर्यंत लावता यावा, हा त्याचा उद्देश. राज्यात महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातलं पाटगाव आलं आणि योजना राज्यभर गेली. मंडळाच्या मध केंद्र योजनेत पेट्यांसाठी ५० टक्के अनुदान मिळतं, प्रशिक्षण मिळतं, आणि मंडळ हमीभावाने मध खरेदीही करतं.

मंडळाला किंवा सहकारी सोसायटीला मध घातला की लेबलची कटकट संपते. ओलावा काढणं, चाचणी, छपाई, परवाना हे सगळं तिकडे. पण त्याबरोबर बाटलीवरचं मधपाळाचं नावही जातं आणि थेट विक्रीतला नफाही. त्यामुळे चांगला मध घरी ठेवून ओळखीच्यांना विकायचा आणि उरलेला केंद्राला घालायचा, हा मधला मार्ग अनेकांना व्यवहार्य वाटतो.

मधाच्या गावांकडे या नजरेने बघितलं तर एक शक्यता दिसते. गावात एक सामायिक प्रक्रिया केंद्र, एक रिफ्रॅक्टोमीटर, गटाच्या नावावर एक नोंदणी, हंगामाला एक परागकण चाचणी, आणि लेबलचा एक बिनचूक नमुना ज्यात फक्त मधपाळाचं नाव आणि लॉट नंबर बदलायचा. प्रत्येकी १० पेट्यांचे ३० मधपाळ एकत्र आले तर चाचणीचा खर्च किलोमागे किरकोळ होतो. इथे गटाची उलाढाल छोट्या उत्पादकाच्या मर्यादेच्या वर जाऊ शकते, हे लक्षात ठेवावं लागेल. मग नोंदणीऐवजी राज्याचा परवाना लागतो आणि परवानाधारकाला दर सहा महिन्यांनी मालाची तपासणी करून घेणं बंधनकारक असतं. एकट्या नोंदणीधारक मधपाळाला ती सक्ती नाही. म्हणजे एकत्र येण्याचीही किंमत आहे, आणि एकटं राहण्याचा एक फायदाही आहे.

ओलाव्याची मर्यादा बदलायची असेल तर ते राज्याच्या हातात नाही, एफएसएसएआयच्या आहे. त्यासाठी सातेरीच्या मधाच्या वेगवेगळ्या हंगामांतल्या, वेगवेगळ्या तालुक्यांतल्या नमुन्यांची मोजमापं मांडावी लागतील. आणि ही मोजमापं गोळा करायला मधाची गावं आणि पुण्याची संस्था यांच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

तोवर घाटात गाडी थांबवणाऱ्यासाठी एक सोपी खूण. बाटलीवर १४ आकडी क्रमांक शोधा आणि एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर तो टाकून बघा. क्रमांकाचा पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, म्हणजे मोठा उत्पादक. २ असेल तर ती नोंदणी. समोर उभा असलेला माणूस आणि संकेतस्थळावर दिसणारं नाव एकच निघण्याची शक्यता या दुसऱ्या बाटलीच्या बाबतीत बरीच जास्त असते.